तीसपैकी बावीस : आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याचा इतिहास

मागच्या वैशाखात मी सूतगिरणीतून आठ दिवसांची बिनपगारी रजा काढून अलोऱ्याला गेलो. आजीला डॉक्टरला दाखवायचं होतं. दोन वर्षं झाली, ती मला माझ्या नावानं हाक मारत नाही. माझ्या चुलत्याच्या नावानं मारते, आणि तो चुलता मी जन्मायच्या आधीच वारलेला. चूल पेटवते आणि वर भांडं ठेवायचं विसरते. रात्री उठून दाराची कडी काढते आणि विचारते, "घमेलं कुठं ठेवलंस रं बाला? मुकादम ओरडंल." वाडीतले म्हणतात, म्हातारचळ लागला. कुणी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे, भगताला दाखवा. मी म्हटलं, डॉक्टरलाच दाखवू.

तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण माणूस हातात छापील कागद घेऊन बसला होता. कागद तीस गुणांचा. आज तारीख काय? साल कुठलं? आजी माझ्याकडं बघायला लागली. मग त्यानं सांगितलं, शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून परत सात, पुन्हा सात, असं पाच वेळा. आजी म्हणाली, "कसलं सात?" मग त्यानं एक ओळ पुढं धरली, यात लिहिलंय ते वाचा आणि तसं करा. मग म्हणाला, एक वाक्य लिहा, कुठलंही. तिच्या हातात पेन दिलं. आजीनं ते विळ्याच्या मुठीसारखं धरलं. शेवटी एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनी आकृत्या दाखवल्या, अशाच काढा म्हणाला.

आजीनं पेन खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मी शालंत गेल्ये नाय रं बाला. मना कशाला इचारतोस?"

ऐंशीच्या घरातली बाई, तिला त्या टेबलापुढं लाज वाटली. मला ते सहन झालं नाही, पण मी गप्प बसलो. तीसपैकी अकरा गुण पडले. मी विचारलं, साहेब, आजारी पडायच्या आधी हिला किती पडले असते? तो म्हणाला, पुढचा पेशंट पाठवा.

रात्री पडवीत बसून मी हिशेब केला. ओळ वाचायचा एक गुण, वाक्य लिहायचा एक, आकृतीचा एक, वजाबाकीचे पाच. झाले आठ. तीसातून आठ गेले, राहिले बावीस. या परीक्षेत चोवीसच्या खाली आलं की डोक्यात काहीतरी बिघाड आहे असा संशय घ्यायचा, असा ढोबळ रिवाज आहे. म्हणजे आजी चाळीस वर्षांची असताना, सगळं घर एकटीनं ओढत असताना, कुठला दळा कुणाचा आणि कुठल्या बांधावर कुणाचं भांडण हे सगळं तोंडपाठ असताना, कुणी तिच्यापुढं हा कागद धरला असता तर तिला जास्तीत जास्त बावीस पडले असते. तेव्हाही ती वेडीच ठरली असती.

मित्रांनो, गैरसमज नको. आजी आजारी आहे. ते मी डोळ्यांनी बघतो. पण त्या अकरा गुणांत आजार किती आणि इतिहास किती, हे त्या कागदाला कळत नाही. मी इतिहासकार नाही. नववीत शाळा सुटली. पुढं जे शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि मोबाइलवर शब्दकोश उघडून. तरी हा इतिहास मांडायला पाहिजे, कारण तो दुसरं कुणी मांडणार नाही.

*

या आजाराला इंग्रजीत डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. 1901 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात एका रेल्वे कारकुनाच्या बायकोला वेड्यांच्या इस्पितळात आणलं. वय एक्कावन्न. डॉक्टर अलोइस अल्झायमर तिला रोज प्रश्न विचारी आणि उत्तरं लिहून ठेवी. तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिला ते पुरं लिहिता येईना. 1906 च्या एप्रिलात ती वारली. तिचा मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरनं ट्युबिंगेन गावी डॉक्टरांच्या सभेत ते मांडलं. 1910 साली आजाराला त्याचं नाव मिळालं.

बघा, तिथपासून या आजाराची तपासणी लिहिण्याला बांधली गेली. त्या बाईला एके काळी लिहिता येत होतं आणि मग येईनासं झालं. म्हणजे काहीतरी हरवलं. प्रश्न बरोबर होता. आजीला दिलेली परीक्षा 1975 साली अमेरिकेत तयार झाली. तिथल्या माणसाला शाळा ठाऊक, तारीख ठाऊक, वजाबाकी ठाऊक. तिथंही प्रश्न कदाचित बरोबर असेल. पण माझ्या आजीचं लिहिणं हरवलेलं नाही. ते तिला कधी दिलंच नव्हतं. हरवलेलं आणि न दिलेलं यातला फरक ज्या कागदाला कळत नाही, तो कागद आमच्या वस्तीत आला की न्यायाधीशासारखा वागतो.

1975 हे साल मी मुद्दाम सांगतो. त्याच सुमाराला आमच्या अलोऱ्याला कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचं काम पुरं होत होतं, कोळकेवाडीचं धरण उभं राहिलं होतं. आजी त्या कामावर ठेकेदाराकडे घमेली वाहायला जात होती. रात्री उठून ती जे घमेलं शोधते, ते तेच. पन्नास वर्षांपूर्वीचं घमेलं तिला आठवतं, संध्याकाळचं जेवण आठवत नाही. हा आजार असाच जातो, नवं आधी नेतो आणि जुनं मागाहून.

*

आता, दिलं नाही ते कुणी आणि कसं? आजीचा जन्म 1945 च्या आसपासचा. तारीख नाही. वय मोजायची आमच्या घरातली खूण म्हणजे भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझा बा तिच्या पोटात होता. तिच्या बापाकडं खोताच्या घरची राबणूक. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, 1938 च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, आणि खोती मोडायचा कायदा झाला 1949 साली. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी खोताचं अंगण झाडायचं थांबलं नाही. आजी लहानपणी म्हशी राखायला होती. तिचा भाऊ शाळेत जायचा, तो वर्गाच्या बाहेर बसायचा. तेव्हा राज्यघटना लागू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आजीला तेवढंही नाही. पोरगी म्हणून.

हे काही एका घरातलं नाही. मागं जा. 1856 च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. सरकारनं नाकारला. का, तर एका मुलासाठी बाकीची पोरं शाळा सोडतील. 1858 साली सरकारनं जाहीर केलं की सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर खुल्या, व्हरांड्यापर्यंत खुल्या. आमच्याच जिल्ह्यात दापोलीला पलटणीतून पेन्शन घेतलेल्या महार शिपायांची वस्ती होती. त्यांनी सरकारची चाकरी केली, लढाया केल्या, आणि 1890 च्या दशकात त्यांना आपल्या पोरांना म्युनिसिपालटीच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज करत बसावं लागलं. पोरं व्हरांड्यात बसत होती. याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून येऊन राहिले होते. त्यांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसन' छापलं. याच जिल्ह्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. साताऱ्याच्या शाळेत ते बसायला घरचं गोणपाट नेत आणि परत घरी आणत, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. 1923 च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला, त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. ठरावावर ठराव झाले. आजीच्या वाट्याला काय आलं?

आकडा बघा. 1961 च्या जनगणनेत सगळ्या देशात अनुसूचित जातींच्या बायकांत साक्षरतेचं प्रमाण 3.29 टक्के होतं. अनुसूचित जमातींच्या बायकांत 3.16. शंभरात तीन. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती उरलेल्या सत्त्याण्णवांत. आज त्याच बाया पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत आणि दवाखान्यातलं पेन त्यांच्या हातात दिलं जातंय.

*

इथवर मी परीक्षेबद्दल बोललो. पण एवढ्यावर थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल. परीक्षा चुकीची आहे म्हणून आजार खोटा, असं नाही. शाळा नाकारली त्याचा परिणाम मेंदूवरही होतो.

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकानं 1986 पासून कॅथलिक जोगिणींचा, म्हणजे नन्सचा अभ्यास केला. 678 जणी. सगळ्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या, मेल्यावर मेंदू संशोधनाला द्यायला कबूल झालेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी मठात येताना, बाविशीच्या आसपास, स्वतःचं चरित्र दोन-चार परिच्छेदांत लिहून दिलं होतं. ते कागद मठात सापडले. ज्यांच्या तरुणपणच्या लिखाणात कल्पना दाट, त्यांना म्हातारपणी अल्झायमर कमी. ज्यांचं लिखाण विरळ, त्यांना जास्त. हा अभ्यास 1996 साली छापून आला. जगभरच्या डॉक्टरांचंही आता मत आहे की लहानपणी शिकलेला मेंदू जणू शिल्लक बाजूला टाकतो. पुढं आजार आला तरी ती शिल्लक काही वर्षं पुरते.

मी तो अभ्यास वाचला आणि आजीचं बाविसावं वर्ष मोजलं. ते भूकंपाचं वर्ष. ती पोटात पोर घेऊन पडलेली मातीची भिंत पुन्हा उभी करत होती. तिच्या बाविसाव्या वर्षाचा एकही कागद कुठल्या मठात नाही.

लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकानं नेमलेल्या मंडळानं 2024 साली सांगितलं की जगातला निम्म्याच्या जवळपास, 45 टक्के डिमेन्शिया चौदा कारणांवर काम केलं तर टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे. ती कारणं वाचताना मला आमची वाडी दिसायला लागली. कमी शिक्षण. वाढलेलं रक्तदाब, जे कुणी मोजलंच नाही. साखर. डोक्याला मार. हवेतला धूर, आजीनं साठ वर्षं चुलीपुढं काढली. दिसायला कमी होणं. मोतीबिंदू पिकून घट्ट होईतो कोण नेतो? एकटेपण, पोरं मुंबईला, पुण्याला, नाहीतर माझ्यासारखी इचलकरंजीकडं. आणि ऐकू कमी येणं.

या शेवटच्यापाशी मी थांबलो. माझा आजा खडी फोडायच्या सुरुंगाच्या टोळीत होता, साठीच्या आत ठार बहिरा झाला. मी रिंगफ्रेमच्या खात्यात काम करतो. शेकडो चात्या एकदम फिरतात. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर हाताच्या खुणा. कायद्यानं आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. पाळी सुटल्यावर रात्रभर माझ्या कानात साचा चालू असतो. मी अजून तिशी गाठली नाही. म्हणजे माझ्या म्हातारपणचा विसर आत्ताच, रोज आठ तास, माझ्या कानातून आत जातोय. हे वाचल्यापासून मी कानात बोळे घालतो. जोडीदार हसतात. हसू देत.

*

देशातल्या म्हाताऱ्यांची मोजणीही झालीय. लासी-डॅड नावाचा मोठा अभ्यास 2017 ते 2020 मध्ये झाला. साठीच्या पुढच्या चार हजारांवर माणसांना तपासलं आणि 2023 साली अंदाज छापला. साठीच्या पुढच्या शंभरांत सात-साडेसात, म्हणजे देशात 88 लाख माणसं स्मृतिभ्रंशाची. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. बाई, खेड्यातली, न शिकलेली. हे वर्णन कुणाचं आहे ते मी वाचकाला सांगायला नको. आकड्यांच्या भाषेत आमच्या आजीचं नाव एवढंच येतं.

पण मोजायला माणूस म्हातारं तरी व्हायला पाहिजे. 2022 साली छापलेल्या एका अभ्यासात नऊ राज्यांतल्या दोन कोटी माणसांची माहिती तपासली. उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही, पण आमच्या इकडच्या कातकरी वाडीवर जाऊन म्हातारी माणसं किती दिसतात ते बघा. कातकरी हे सह्याद्रीतले मूळचे लोक. सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढायचा म्हणून कातकरी. जंगल सरकारनं घेतलं, कात कारखान्यांनी घेतला, आणि कातकरी दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर. तिथं माणूस विसरायच्या वयाला पोचतच नाही. मग कुणी अहवालात लिहील, यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आहे. आणि तो अहवाल खरा मानला जाईल.

*

जगात दुसरीकडं काय झालं ते सांगतो, कारण त्यात आपल्याला शिकण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या काळ्या लोकांना देशाच्या लोकसंख्येत धरू नये असं कलम तिथल्या घटनेत होतं. ते 1967 च्या सार्वमतानं गेलं. त्यांची पोरं सरकारनं आईच्या मांडीवरून ओढून नेऊन आश्रमांत कोंडली. त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी 2008 साली संसदेत माफी मागितली. त्या देशाच्या वायव्येला किम्बर्ली नावाचा मुलूख आहे. तिथं संशोधकांनी त्याच लोकांना बरोबर घेऊन वेगळी परीक्षा बनवली. त्यात वजाबाकी नाही, लिहिणं नाही. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, कंगवा, कप, काडेपेटी दाखवायची आणि मागाहून विचारायचं की काय दाखवलं होतं. घरातल्या माणसांनाही विचारायचं.

अशी त्यांच्या मापाची परीक्षा घेतली, आणि 2008 साली निकाल आला. पंचेचाळिशीच्या पुढच्या शंभरांत बाराहून जास्त माणसांना डिमेन्शिया. बाकी ऑस्ट्रेलियाच्या पाचपट. म्हणजे कागद बदलला तरी आजार राहिला. न्यू साउथ वेल्स राज्यात पुढं 2017 साली दिसलं की ज्यांच्या बालपणी जास्त आघात झाले, त्यांच्यात म्हातारपणी डिमेन्शिया जास्त. बालपणी केलेला अन्याय साठ वर्षांनी डोक्यातून निघतो.

मग कुणी म्हणेल, या लोकांच्या रक्तातच असेल. नाही. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक आहेत. शिकार, मासेमारी आणि शेती करून राहतात, शाळा फारशी नाही. 2022 च्या अभ्यासात त्यांच्या साठीपुढच्या माणसांत डिमेन्शिया शंभरात एकाच्या आसपास निघाला. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जगात सगळ्यात स्वच्छ, असं आधीच दिसलं होतं. त्यांचं जंगल त्यांच्याकडं राहिलं. शाळा नसणं एकटं माणसाला मारत नाही. शाळा नाकारायची, जमीनही नाकारायची, वर दगड फोडायला लावायचं आणि धुरात बसवायचं, हे सगळं मिळून मारतं. रक्त नाही, व्यवस्था.

आपल्या देशातही शहाणं काम झालंय. हरियाणात बल्लभगडला 1990 च्या दशकात न शिकलेल्या खेडूत म्हाताऱ्यांसाठी हिंदीतून परीक्षा बनवली. त्यात आंबा, खुर्ची आणि नाणं ही तीन नावं लक्षात ठेवायची. ओळ वाचायच्या ऐवजी, माझ्याकडं बघा आणि मी करतो तसं करा. आणि वाक्य लिहायच्या ऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. इतकी साधी गोष्ट. तीस वर्षांपूर्वी झालेली. तरी आजीच्या हातात पेन दिलं गेलं.

आमच्या शेजारच्या गोव्यात 2001 साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की लोकांना ही लक्षणं ठाऊक आहेत, पण त्यांना हा आजार वाटत नाही, वय झालं असं वाटतं, नाहीतर घरच्यांनी हेळसांड केली असं वाटतं. आमच्या वाडीत तेच. सुनेला बोल लावतात. माझी आई दिवसभर आजीमागं फिरते आणि वर लोकांचं ऐकून घेते. गोव्यातच पुढं दोन तालुक्यांत 81 घरांवर प्रयोग झाला. गावातल्याच बायकांना शिकवून त्या घरी पाठवल्या. त्यांनी आजार काय आहे ते समजावलं, कसं वागायचं ते दाखवलं, सेवा करणाऱ्याचं ऐकून घेतलं. 2008 साली निकाल छापला : सेवा करणाऱ्या माणसाच्या मनावरचा ताण कमी झाला. मोठं इस्पितळ लागलं नाही. दर वाडीला आशाताई आहे. तिला हे शिकवायला आणि त्याचे पैसे द्यायला काय अडचण आहे? ही मागणी आपल्या संघटनांच्या पत्रकात यायला पाहिजे. पुतळे आणि नामांतरं झाली, तीही पाहिजे होती. आता म्हाताऱ्यांचाही विचार करा.

*

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या मते सगळ्यात मोठी.

खोताकडं दप्तर होतं. भटाकडं पोथी होती. सरकारकडं गॅझेटियर होतं. आमच्याकडं काय होतं? आजीचं डोकं. कुठल्या पाणवठ्यावर आम्हाला बंदी होती, कुठला दळा आजच्या मालकाच्या आधी कुणी फोडला, धर्मांतरानंतर वाडीतले देव कुणी कुठल्या वळणावर वशिष्ठीत सोडले, धरणाच्या कामावर दरडीखाली कोण गेलं, हे सगळं तिथंच लिहिलेलं. दुसरी प्रत नाही. शिकलेल्या घरातला म्हातारा विसरला तर घराचं दुःख होतं, पण कागद राहतो. आमची आजी विसरते तेव्हा आमचं दप्तर जळतं. ज्यांनी लिहू दिलं नाही, त्यांच्यामुळंच आजार जास्त आला, आणि त्या आजारानं न लिहिलेलंही नेलं. असा हा दुहेरी दरोडा आहे.

पुण्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या वर्षानुवर्षं गोळा केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. ज्या बायांना सही येत नव्हती, त्यांच्या डोक्यात एवढं होतं. कुणीतरी विचारलं म्हणून ते राहिलं.

रजेचे शेवटचे दोन दिवस मी आजीजवळ बसलो. दवाखान्यातला तो कागद माझ्याकडंच होता. त्याच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागलो. बल्लभगडवाल्यांचा प्रश्न तिला विचारला, "आजी, तुझ्या घराबद्दल सांग." आधी गप्प. मग म्हणाली, "कुठलं घर? पडलं तं, का मागाहून बांदलं तं?" आणि सुटली. भूकंपाच्या पहाटे आधी कुत्री ओरडली. मग भांडी वाजली. मग मागची भिंत गेली. आज्यानं तिला हाताला धरून अंगणात काढलं. उजाडल्यावर दगड कुणी कुणी आणून दिले, त्यांची नावं तिनं एकामागून एक सांगितली, अकरा घरांची. त्यांतली चार घरं आता वाडीत नाहीत. अर्धा तास बोलत होती. एकदाही अडली नाही. कागद भरला, मी दुसरा घेतला, मग मोबाइलवर बोलणं धरलं.

मग थांबली आणि मला चुलत्याच्या नावानं हाक मारून म्हणाली, "जेवलास काय?"

ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांनी या सुट्टीत एवढंच करावं. तारीख विचारू नये. घराबद्दल विचारावं, आणि लिहून ठेवावं. मी पुढच्या पावसाळ्याआधी परत जाणार आहे. त्या चार घरांचं विचारायचं राहिलंय.